सोमवारचा पाहुणा: मायनर लीगच्या एका पिचरशी जुळलेली मैत्री

हे प्रकरण एका चाहत्याचं आणि एका पिचरचं, म्हणजे बेसबॉलमधल्या गोलंदाजाचं, आहे. चाहता मूळचा कोल्हापूरचा, बरीच वर्षं अमेरिकेत आयोवा राज्यात राहणारा, एका कारखान्यात कंट्रोल सिस्टिमचा इंजिनियर. पिचर डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या सान पेद्रो दे माकोरीस शहराचा, डावखुरा, मिडवेस्ट लीगमधल्या आयोवातल्या एका बेसबॉल संघाकडून २०२२ आणि २०२३ असे दोन मोसम खेळलेला. मी दोघांनाही ओळखतो आणि दोघांना विचारूनच लिहितो आहे. नावं मात्र देत नाही, आणि ओळख पटेल अशा काही खुणा बदलल्या आहेत. चाहत्याला मी दादा म्हणतो, त्यांच्या पत्नीला वहिनी. पिचरला सगळे सहकारी सुर्दो म्हणायचे, म्हणजे डावखुरा. इथेही तेच नाव ठेवतो.

मैत्री जुळली यात विशेष काही नाही. छोट्या मैदानांवर खेळाडू आणि प्रेक्षक यांच्यात एक लोखंडी कठडा असतो, बोलणं होतंच. प्रश्न पुढचा आहे. ज्याचं जाणं पहिल्या दिवसापासून ठरलेलं आहे, त्याच्याशी चाहत्याने किती जवळीक करावी? क्लबला जे माहीत नाही ते आपल्याला कळलं, तर त्याचं काय करावं? आणि तो खेळाडूच राहिला नाही, तर मागे काय उरतं? दादांच्या बाबतीत हे तीनही प्रश्न दोन वर्षांत समोर आले.

जाणं ठरलेलंच असतं

आपल्याकडच्या वाचकांसाठी व्यवस्था थोडी सांगायला हवी. मेजर लीग ही अमेरिकेतली बेसबॉलची सर्वांत वरची लीग. तिचे ३० क्लब आहेत. प्रत्येकाच्या हाताखाली चार पायऱ्यांचे संघ असतात, खालून वर: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए. ही सगळी मिळून मायनर लीग. दादांच्या गावाचा संघ हाय-एचा. आपले खेळाडू आपणच खालून घडवत आणायचे, ही पद्धत सेंट लुईस कार्डिनल्सच्या ब्रँच रिकी यांनी १९२०च्या दशकात बसवली. गावातला संघ गावाला आपला वाटतो. तिकिटं, मैदान, शुक्रवारची आतषबाजी हे सगळं गावातल्या मालकाच्या हातात असतं. पण खेळाडूचा करार वरच्या क्लबशी. कोणाला बढती, कोणाला नारळ, हे तिकडे ठरतं. संघाच्या मॅनेजरलाही आपला चांगला पिचर धरून ठेवता येत नाही. उलट तो चांगला झाला की लवकर जातो. चाहत्याने मनापासून टाळ्या वाजवाव्यात आणि त्या टाळ्यांचं फळ म्हणून माणूस गावातून निघून जावा, अशी ही रचना आहे.

शिवाय संघही कायमचे नसतात. २०२० संपताना मेजर लीगने सगळी मायनर लीग आपल्या हातात घेतली आणि १६० संघांचे १२० केले. आयोवातली मिसिसिपीकाठची क्लिंटन आणि बर्लिंग्टन ही दोन गावं त्यात गळाली. आता तिथे उन्हाळ्यात कॉलेजची मुलं खेळतात. दादांच्या गावाचा संघ वाचला. ज्यांचा गेला त्यांच्यापैकी काही जण अजून गाडी काढून इथे सामन्याला येतात.

सुर्दो आला तो २०२२च्या एप्रिलमध्ये. त्या वर्षीपासून खेळाडूंच्या राहण्याची सोय क्लबांनी करायची असा नियम लागू झाला होता. त्याआधी कित्येक खेळाडू गावातल्या कुटुंबांकडे राहायचे. कोणाच्या तळघरात, कोणाच्या कॉलेजला गेलेल्या मुलाच्या खोलीत. आमच्या रांगेत बसणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेने अशी बरीच मुलं घरी ठेवली होती. नवा नियम न्यायाचाच होता, कारण अशा घरांच्या भरवशावर क्लबांनी वर्षानुवर्षं भाडं वाचवलं. पण त्यातून गावाशी होणारी ओळख तुटली, हेही खरं. सुर्दोला सामानासकट फ्लॅट मिळाला, एका सहकाऱ्याबरोबर. त्या गावात मैदान, फ्लॅट आणि वॉलमार्ट यांपलीकडे त्याला काही माहीत नव्हतं. गाडी नव्हती. पगार होता आठवड्याला ५०० डॉलर, तोही मोसमापुरता. त्यातला मोठा भाग घरी जायचा.

क्रिकेटचा धागा

छोट्या मैदानांवर बुलपेन, म्हणजे राखीव पिचर हात मोकळा करतात ती जागा, बहुतेकदा सीमारेषेच्या बाहेर उघड्यावर असते. दादांची नेहमीची जागा त्याच्या अगदी लगत. दादा तरुणपणी कोल्हापुरात क्लब क्रिकेट खेळलेले, डावखुरे फिरकीपटू. सुर्दोचा फास्टबॉल ताशी ९० मैलांच्या आसपास, म्हणजे आजच्या मानाने मंद. पण त्याचा चेंजअप पाहण्यासारखा होता. हात तितक्याच जोरात यायचा आणि चेंडू मात्र रेंगाळायचा. दादांनी एकदा कठड्यावरून विचारलं, हा चेंडू धरतोस कसा? सुर्दोने धरून दाखवला. दादांनी आपला आर्म बॉल कसा धरायचो ते दाखवलं. त्यावर सुर्दो म्हणाला, क्रिकेट? आमचे पणजोबा खेळायचे.

दादांना ती थाप वाटली. पण गोष्ट खरी निघाली. सान पेद्रोच्या आसपास साखरेचे मोठे कारखाने उभे राहिले, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सेंट किट्स, नेव्हिस, अँटिगा अशा इंग्रजांच्या ताब्यातल्या बेटांवरून मजूर तिथे आले. त्यांना कोकोलो म्हणतात. ते येताना क्रिकेट घेऊन आले. कारखान्यांच्या वस्त्यांमध्ये सामने व्हायचे. पुढे त्यांची नातवंडं बेसबॉलकडे वळली, आणि त्या एका शहराने मेजर लीगला इतके खेळाडू दिले की त्याची सगळीकडे कीर्ती झाली. सॅमी सोसा, जॉर्ज बेल, अल्फोन्सो सोरियानो, रॉबिन्सन कानो, सगळे तिथले. तिथल्या गल्ल्यांतली मुलं अजून प्लाकिता नावाचा खेळ खेळतात. गाडीची जुनी नंबरप्लेट वाकवून दोन टोकांना उभी करायची, बोलरने ती पाडायची, फलंदाजांनी दोन टोकांमध्ये पळायचं. क्रिकेट पाहिलेल्या माणसाला यात स्टंप शोधावे लागत नाहीत.

आणि ऊस. दादांचं आजोळ करवीर तालुक्यात, उसाच्या फडांत. गाळप हंगाम, ऊसतोडीच्या टोळ्या, मळीचा वास, बंद पडलेला कारखाना आणि त्याच्यावर अवलंबून असलेलं गाव, हे सगळं सुर्दोला समजावून सांगावं लागलं नाही. त्याचे वडील कारखान्यात फिटर होते. दोघांचंही इंग्रजी कमावलेलं, शाळेत आणि कामावर. त्यामुळे कोणीच कोणापुढे अवघडत नसे. सुर्दो दादांना ‘इंजेनिएरो’ म्हणू लागला, कारखान्यातल्या साहेबाला म्हणतात तसं, आणि तेच कायम झालं.

आणखी एक साम्य होतं आणि मला वाटतं खरी गाठ तिथे बसली. दोघांचाही अमेरिकेतला मुक्काम मालकाच्या मर्जीवर. दादा एच-वन-बी व्हिसावर, ग्रीन कार्डाच्या रांगेत दहा वर्षांहून अधिक काळ. सुर्दो खेळाडूंच्या पी-वन व्हिसावर. २००६च्या एका कायद्याने तो मायनर लीगवाल्यांना खुला झाला. दोन्ही व्हिशांत एक कलम सारखं आहे: मुदतीआधी कामावरून काढलं तर मायदेशी परतण्याचा खर्च मालकाने द्यायचा. सुर्दोला हे कलम ठाऊक नव्हतं. दादांना पाठ होतं.

सोमवार

२०२१पासून या लीगमध्ये मंगळवार ते रविवार असे एकाच प्रतिस्पर्ध्याशी सहा सामने असतात आणि सोमवारी सुट्टी. संघ गावी असला की सोमवारी संध्याकाळी दादा सुर्दोला घरी आणू लागले. वहिनींनी पहिल्यांदा साधं वरण-भात, मटणाचा पांढरा रस्सा असं केलं. त्याने भातावर डाळ घेऊन, आमच्याकडेही हेच रोज, असं सांगितलं. दादांची मुलगी तेव्हा बारा वर्षांची, सॉफ्टबॉल खेळायची. अंगणात तिघांची प्लाकिता सुरू झाली, दोन जुन्या नंबरप्लेटी आणि टेनिसचा चेंडू घेऊन.

सुरुवातीला दादा जेवताना खेळाबद्दलच बोलायचे. परवा सातव्या इनिंगला तो चेंडू वर का राहिला, त्या बॅटरला आतून का टाकला नाहीस. सुर्दो उत्तरं द्यायचा आणि हळूहळू गप्प होत जायचा. एका सोमवारी तो गेल्यावर वहिनी म्हणाल्या, “अहो, त्याला आठवडाभर हेच विचारणारी दहा माणसं आहेत. पगारी आहेत. तुम्ही तो जेवला का, आईशी बोलला का, ते विचारा.”

या एका वाक्याने प्रकरणाची दिशा बदलली असं मी म्हणेन. आज मायनर लीगच्या पिचरचा प्रत्येक चेंडू मोजला जातो: वेग, फिरकी, सुटण्याची उंची. प्रत्येक माणूस त्याच्याकडे काहीतरी मोजतच बघत असतो. चाहता कौतुकाने बघतो, पण तोही मोजतोच. ज्या घरात मोजमाप होत नाही असं एक घर मिळणं ही त्या मुलाची गरज होती. जुन्या काळच्या यजमान कुटुंबांना हे न शिकवता कळत असावं. रांगेतल्या त्या शिक्षिकेला मी याबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, आमच्याकडे सामन्याचा विषय मुलाने काढला तरच निघायचा. दादांना हे शिकायला एक उन्हाळा लागला. क्रिकेट खेळलेला माणूस, जीभ आवरणं सोपं नव्हतं.

पहिलं जाणं

२०२३ मध्ये सुर्दो परत हाय-एलाच आला. त्या मार्चमध्ये मायनर लीगच्या खेळाडूंच्या युनियनचा पहिला करार झाला होता. हाय-एचा किमान वार्षिक पगार ११,००० डॉलरवरून २७,३०० झाला आणि मोसमाबाहेरच्या बहुतेक आठवड्यांचेही पैसे मिळू लागले. कोणी श्रीमंत झालं नाही, पण हिवाळ्यात गोदामात रात्रपाळी करावी लागणारा खेळाडू घरी बसून सराव करू शकला. सुर्दोने कराराआधीच्या हिवाळ्यातच खरंच मेहनत केली होती. एप्रिल-मे त्याचे छान गेले.

जूनमधल्या एका रात्री सामना संपल्यावर मॅनेजरने त्याला खोलीत बोलावलं. डबल-एला जायचं, सकाळचं विमान. अशा वेळी खेळाडूच्या हातात काही तास असतात. त्याने घरी फोन केला आणि मग दादांना. फ्लॅट रिकामा करायचा होता. भाताचा कुकर, टीव्ही, थंडीचे कपडे, बुटांची पेटी, यांचं काय करायचं? दादा आणि वहिनी मध्यरात्री गाडी घेऊन गेले, सामान भरलं, तळघरात आणून ठेवलं, पहाटे त्याला विमानतळावर सोडलं.

दादांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं की परत येताना त्यांना वाईट वाटत होतं आणि वाईट वाटतंय याची लाजही वाटत होती. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, असं माझं मत आहे. मुलगी सासरी जाताना आईबाप रडतात म्हणून कोणी लग्न मोडत नाही. त्या रात्री दादांनी जे केलं ते महत्त्वाचं: जाणाऱ्याचं ओझं उचललं, स्वतःचं त्याच्यावर टाकलं नाही. एक फोटोसुद्धा काढला नाही. काढावासा वाटला होता.

डबल-ए जमलं नाही. तिथले बॅटर चेंजअपची वाट बघत थांबायचे. जुलै संपता संपता तो परत खाली आला. परतीबद्दल सांगण्यासारखं फार नाही. सोमवारची जेवणं पुन्हा सुरू झाली, तो कमी बोलायचा, एवढंच.

कोपराची गोष्ट

ऑगस्टमध्ये एका सोमवारी मुलीला चेंडू टाकताना त्याने दोनदा हात झटकला. वहिनींनी पाहिलं. जेवणानंतर दादांनी विचारलं तेव्हा त्याने सांगितलं की कोपराच्या आतल्या बाजूला तीन आठवडे दुखतंय. डबल-एला असतानाच सुरू झालं होतं. क्लबच्या ट्रेनरला, म्हणजे खेळाडूंची दुखणी पाहणाऱ्याला, सांगितलेलं नाही. कोणालाच नाही. कोणाला सांगू नका.

डावखुऱ्या पिचरच्या कोपराची आतली बाजू म्हणजे काय हे बेसबॉल पाहणाऱ्या प्रत्येकाला कळतं. तिथला अस्थिबंध फाटला तर टॉमी जॉन शस्त्रक्रिया. डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये ती पहिल्यांदा केली, तेव्हापासून कित्येक कारकिर्दी तिने वाचवल्या. पण वर्षभर, बहुतेकदा त्याहून अधिक काळ मैदानाबाहेर. ज्याच्यावर क्लबने लाखो डॉलर लावलेत त्याच्यासाठी क्लब थांबतो. अठराव्या वर्षी, म्हणजे तिकडच्या हिशेबाने उशिरा, थोडक्या पैशांवर करार झालेल्या हाय-एच्या राखीव पिचरसाठी थांबेल का? सुर्दोची भीती निराधार नव्हती. जुलैत ड्राफ्ट, म्हणजे क्लबांनी नवे खेळाडू निवडून घेण्याची वार्षिक फेरी, झाला होता, कॉलेजमधून आलेले नवे पिचर दर आठवड्याला खालच्या पायऱ्यांवर दिसत होते.

दादांनी तिथल्या तिथे सांगितलं, उद्या ट्रेनरला सांग. सुर्दो नाही म्हणाला. मग दादा अडून बसले. असाच टाकत राहिलास तर पुढच्या वर्षी वर कसा जाणार, तुझ्यात मेजर लीगचा चेंजअप आहे, तो वाया घालवू नकोस. सुर्दो उठला. “तुम्हीही त्यांच्यासारखंच बोलता,” एवढं म्हणाला आणि पायीच फ्लॅटवर गेला. पुढचे दोन सोमवार आला नाही. बुलपेनमध्ये कठड्याकडे पाठ करून बसायचा.

या दोन आठवड्यांत दादांपुढे तीन वाटा होत्या. गप्प बसणं ही पहिली. स्वतः क्लबला कळवणं ही दुसरी. ट्रेनरचा नंबर मिळवणं कठीण नव्हतं, आणि दादा एकदा त्या विचाराने फोन हातात घेऊन बसले होते. तिसरी, सुर्दोला पुन्हा सांगणं.

मी दादांच्या निर्णयाशी सहमत आहे, म्हणून कारणं सविस्तर देतो. क्लबला कळवणं चुकीचं ठरलं असतं. चोवीस वर्षांच्या माणसाचं शरीर त्याचं आहे. त्याने ते सांगितलं ते चाहत्याला नाही, घरातल्या माणसाला. ती गोष्ट दादांनी बाहेर नेली असती, तर ते क्लबचे आणखी एक डोळे झाले असते. माहिती बाहेर जाण्याचा धोका वेगळाच. आयोवात ऑगस्ट २०१९पासून खेळांवरचा सट्टा कायदेशीर आहे. आमच्या रांगेतसुद्धा फोनवर पैसे लावणारे आहेत. खेळाडूच्या दुखण्याची बातमी ही आता साधी चौकशी राहिलेली नाही. पुढच्याच वर्षी, जून २०२४ मध्ये, मेजर लीगने सट्ट्यापायी एका खेळाडूवर कायमची आणि आणखी चौघांवर एका वर्षाची बंदी घातली. त्या चौघांत मायनर लीगचेही होते. दादांनी त्या दोन आठवड्यांत मलासुद्धा काही सांगितलं नाही. मला हे मोसम संपल्यावर कळलं, तेही सुर्दोकडून.

पण गप्प बसणंही चुकीचं होतं. दुखणं नोंदवलं तर उपचार क्लबच्या खर्चाने होतात. लपवलं आणि नंतर करार संपल्यावर कोपर गेलं, तर सान पेद्रोत तो खर्च कोण देणार? हा मुद्दा कारकिर्दीचा नव्हता, हाताचा होता. आयुष्यभर वापरायच्या हाताचा. दादांची पहिली मांडणी फसली ती इथेच. त्यांनी मेजर लीगचं स्वप्न पुढे केलं, आणि ते स्वप्न तर सुर्दोवर सगळेच टाकत होते. वहिनींचं ‘जेवला का’ हे घाबरल्यावर दादा विसरले आणि पुन्हा चाहते झाले.

शेवटी त्यांनी एक निरोप पाठवला. मी तो पाहिला आहे. त्यात बेसबॉल हा शब्द नाही. व्हिसावरचा माणूस म्हणून लिहिलं होतं: कागदावर नसलेलं दुखणं तुझं एकट्याचं असतं, कागदावर आलं की त्यांचंही होतं, काय करायचं ते तू ठरव, सोमवारी जेवायला ये, मी हा विषय काढणार नाही. तो आला. दादांनी विषय काढला नाही. त्या आठवड्यात सुर्दोने ट्रेनरला सांगितलं. एमआरआय झाला. अस्थिबंध शाबूत होता, सूज होती. विश्रांती सांगितली. सप्टेंबरमध्ये मोसम संपेपर्यंत तो पुन्हा खेळला नाही.

दुसरं जाणं

सुर्दो घरी गेला तो वसंतातल्या सराव-शिबिराला परत यायचं म्हणूनच. सामान दादांच्या तळघरातच होतं. २०२४ पासून नव्या करारातलं एक कलम लागू होणार होतं: प्रत्येक क्लबला देशांतर्गत यादीत जास्तीत जास्त १८०ऐवजी १६५ मायनर लीग खेळाडू ठेवता येणार होते. पगार वाढले त्याची ही दुसरी बाजू. पंधरा जागा म्हणजे मोसमाआधीच पंधरा जणांचं जाणं, आणि त्यात पहिले कोण असतात हे सगळ्यांना माहीत असतं. मार्चच्या शेवटी सकाळी सराव सुरू व्हायच्या आत त्याला बोलावलं. दुपारपर्यंत खोली रिकामी, दुसऱ्या दिवशी सांतो दोमिंगोचं विमान.

या वेळी दादांना काही उचलता आलं नाही. निरोप विमानतळावरून आला. तिकीट क्लबने काढलं आहे, तुम्ही सांगितलं होतं ते कलम खरं आहे, असं त्यात होतं.

दादांनी दोष स्वतःवर घेतला. ऑगस्टमध्ये आपण बोललो नसतो तर तो खेळत राहिला असता, नजरेत राहिला असता. मला हे पटत नाही, आणि सुर्दोलाही पटलं नाही. महिनाभराने त्याने दादांना फोनवर सांगितलं की शिबिरात काही दुखत नव्हतं. त्याचा चेंडू ८९ने जात होता आणि शेजारच्या माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, एकोणीस वर्षांचा डावखुरा ९५ने टाकत होता. “हात बरा होता, इंजेनिएरो. चेंडूच पुरेसा नव्हता.” दादांना ते मान्य करायला सुर्दोपेक्षा जास्त दिवस लागले. चाहत्याचं हे असंच असतं. खेळाडूला आपली जागा रोज कळत असते, आपण मात्र आशेवर असतो.

एप्रिलमध्ये दादा मैदानावर आले नाहीत. मे महिन्यात आले. थंडीचे कपडे सुर्दोच्या सांगण्यावरून एका नव्या डॉमिनिकन पिचरला दिले. आयोवात एप्रिलचे सामने कसे असतात हे त्या पोराला कोणी सांगितलेलं नव्हतं.

नंतर

दादांना पैसे पाठवायचे होते. वहिनींनी अडवलं, म्हणाल्या त्याने मागू दे. त्याने पैसे मागितले नाहीत, व्हिडिओ मागितले. दोन मोसम बुलपेनच्या कडेने दादांनी फोनवर घेतलेल्या चित्रफिती. मेक्सिकोतल्या आणि अमेरिकेतल्या स्वतंत्र लीगमधल्या क्लबांना दाखवण्यासाठी त्याला हव्या होत्या. दादांनी दोन रात्री बसून तारखेवार लावून पाठवल्या. एका क्लबाने रस दाखवला, पुढे काही झालं नाही. त्या वर्षाअखेरीला तो त्याच्या गावातल्या एका प्रशिक्षकाच्या मैदानावर लहान पिचरांना शिकवू लागला. सोळाव्या वर्षी करार व्हावा म्हणून शाळा सोडून दिवसभर मैदानावर असणारी ही मुलं. सुर्दो त्यांना संध्याकाळी इंग्रजी शिकवतो. त्याचा त्या प्रशिक्षकाशी यावरून वाद होतो, तरी शिकवतो.

मैत्री टिकली का, हे विचारणाऱ्यांना मी दादांच्या मुलीकडे बोट दाखवतो. ती आता शाळेच्या सॉफ्टबॉल संघात सेंटर फील्डला आहे. आयोवात शाळांचे बेसबॉल-सॉफ्टबॉल उन्हाळ्यात होतात, मायनर लीगच्या ऐन हंगामात, त्यामुळे दादांच्या बऱ्याच संध्याकाळी आता तिच्या मैदानावर जातात. तिच्या फेकीचे व्हिडिओ दादांच्या फोनवरून सान पेद्रोला जातात आणि उत्तरही दादांच्याच फोनवर येतं; हे वहिनींनी पहिल्यापासून असंच ठेवलं आहे आणि योग्यच आहे. दोन मोसम या घराने सुर्दोला दिलं आणि त्याने घेतलं. आता देणं त्याच्याकडून होतं, आणि त्याला ते हवं होतं असं त्याच्या उत्तरांच्या लांबीवरून दिसतं.

भेट मात्र झालेली नाही. सुर्दोला यायचं तर पर्यटक व्हिसा हवा. नुकताच करार संपलेल्या, नोकरी धड नसलेल्या तरुणाला तो मिळणं कठीण. दादांना जायचं तर परत येताना पासपोर्टवर व्हिशाचा नवा शिक्का हवा, कारण जुना संपला आहे. सप्टेंबर २०२५पासून तो मायदेशी किंवा राहत्या देशातच काढा असं अमेरिकेचं धोरण आहे. म्हणजे सान पेद्रोला जाऊन आयोवात परतायचं तर वाट मुंबईवरून. दादांनी तरी भारतवारीच्या तारखांची जुळवाजुळव सुरू केली आहे.

परवाच्या व्हिडिओवर सुर्दोचं उत्तर आलं ते त्यांनी मला ऐकवलं. पोरीचा पुढचा पाय लवकर उघडतो, म्हणून फेक उजवीकडे जाते. आणि इंजेनिएरोला सांगणं असं की पुढच्या वेळी मागून शूटिंग करा, कठड्यावरून तिचा खांदा दिसत नाही.